सागाचं कुळ

दोन हजार बावीस साली थोरल्या नातवाचं, राजवर्धनचं लग्न झालं आणि त्याच उन्हाळ्यात गणपतरावांची नजर पार गेली. कोल्हापूरकडच्या मलकापूरजवळच्या घरात म्हातारा खाट सोडेना. बायको, शालूबाई, बांधावर न्यायला बघायची. "तितं काय बगू?" म्हणून ते भिंतीकडं तोंड करायचे. माणूस असाच खाटेवर विझून जाईल, या धास्तीनं शालूबाईला घास गोड लागेना.

श्रावणात नात अनुजा कोल्हापूरच्या कॉलेजातनं झाडझाडोरा गोळा करायला आली. वाळवलेली डहाळी कागदावर चिकटवायची, खाली शास्त्रीय नाव, कुळ आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं, असा तिचा अभ्यास. तिनं तुळशीची काडी आजोबांच्या बोटांत दिली.

"आज्जा, फिरवून बघा."

"चौकोनी हाय की."

मग रानातल्या भारंगीची दिली.

"हीबी चौकोनी."

"दोघी एका कुळातल्या."

म्हातारा उठून बसला. बोटं अजून काडीवर फिरत होती. "अगं, बांधावरच्या सागाचा शेंडा कवळा आसताना असाच लागतोय. चल, बगू."

शालूबाईनं न बोलता चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या. बोललं तर बेत मोडेल असं तिला वाटलं.

स्वतःच्या लग्नानंतर नवरा-बायकोनं मिळून लावलेला तो साग. गणपतरावांनी बुंध्यातनं फुटलेला कोंब चाचपला. चौकोनीच होता.

"साग आधी दुसऱ्या कुळात धरायचे," अनुजा म्हणाली. "अभ्यास झाला, मग तुळशीच्या कुळात आणला."

"एवढा थोराड झाल्यावर घर बदललं व्हय?"

"मी सोळाव्या वर्षी बदललं, तवा कुणी इचारलं न्हाय," शालूबाई म्हणाली.

नातवाच्या लग्नानंतर म्हातारा पहिल्यांदा हसला.

सांजच्याला, तोडून आणलेल्या कोंबाखाली लावायची चिठ्ठी अनुजा सांगेल तशी शालूबाईनं लिहिली. साठीत साक्षरता वर्गात गिरवलेलं तिचं अक्षर, टपोरं.

"वाच की," गणपतराव म्हणाले.

"टेक्टोना ग्रँडिस. कुळ लॅमिएसी. गोळा करणार..." ती थांबली. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं.

"कोन गोळा करनार?"

"लिवलंय की हितं."

"मला दिसतंय व्हय?"

अनुजा मुद्दाम पाणी आणायला उठली. शालूबाई त्यांच्या कानाशी वाकली.

"गणपतराव," ती म्हणाली.

"आं? ऐकू आलं न्हाय."

तिनं परत सांगितलं, जरा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवसापासनं शालूबाईचा हात धरून ते रोज बांधावर जायला लागले. गणपतराव दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी वारले.