पिठाच्या पिंपातलं गाणं

मिस्टर ऑब्री मार्चमंट यांच्यावर आता पुस्तकं निघाली आहेत. त्यांत लिहिलेलं असतं की या संगीतकाराने इंग्लंडच्या मातीला कान लावला. मी वाचायला उशिरा शिकले, त्यामुळे हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. म्हटलं माझंच काही चुकत असेल. या गृहस्थांनी आमच्या मातीला कान तर सोडाच, बूटसुद्धा आनंदाने लावला नव्हता. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या पबच्या उंबऱ्यावर उभे राहून चिखल काढायला ब्रश मागत होते. नॉरफोकात, मार्च महिन्यात, जेव्हा चिखलाशिवाय दुसरं काही नसतंच.

त्यांच्या वडिलांचा लिव्हरपूलला साबणाचा कारखाना होता. पोराने साबण विकायचा नाही म्हटलं, तेव्हा त्याला जर्मनीला धाडलं. तिथे तो जर्मनांसारखं लिहायला शिकला आणि परत येऊन त्याने इतकं जडशीळ काहीतरी वाजवून दाखवलं की लोक मध्यंतरातच घरी गेले. मग तो पॅरिसला गेला. तिथून सगळं धुकं धुकं घेऊन आला. तेही कोणी विचारलं नाही. तेवढ्यात लंडनच्या शहाण्यांनी ठरवलं की इंग्रज संगीतकाराने आता इंग्रज व्हायला हवं. झालं. मार्चमंटसाहेबांनी जाडाभरडा कोट शिवला, काठी घेतली, आणि आमच्या पाद्र्याच्या घरी येऊन उतरले. आमच्यासमोर ब्रेड आणि चीज खायचे आणि पाद्र्याकडे जाऊन गरम जेवायचे, हे पाद्र्याच्या स्वयंपाकिणीने मला सांगितलं.

माझ्या पबचं नाव 'पेंढी'. नवरा गेल्यावर मीच तो चालवत होते. शनिवारी संध्याकाळी तिथे गाणी व्हायची. सायलस केरिसन, गाड्यांची चाकं करणारा, हा अध्यक्ष. लाकडी हातोडा टेबलावर आपटून तो एकेकाचं नाव पुकारायचा आणि पुकारलेल्याने आपलं गाणं म्हणायचं. आपलं म्हणजे स्वतःचंच. ज्याचं गाणं त्याचं. तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कोणी ते म्हणायचं नाही. म्हटलंच, तर मालकाने तिथल्या तिथे उठून अडवायचं. अडवलं नाही, तर त्याने ते देऊन टाकलं असं धरायचं. आणि ज्याच्याकडे गाणं नाही त्याला पुकारायचं नाही. या गड्यांनी आयुष्यात दुसरा कुठला कायदा इतका पाळल्याचं मला तरी आठवत नाही.

ओबेड लार्टरचं गाणं होतं गिरणीवाल्याच्या पोरीचं. ती आपल्या गुराख्याला बापापासून लपवायला पिठाच्या पिंपात बसवते, तो पांढराफटक होऊन बाहेर येतो, आणि बाप भूत समजून गावभर पळतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सूर एकदम वर उडी मारायचा आणि सगळा पब त्यावर बिअरचे मग टेबलांवर आपटायचा. ओबेड सत्तरीचा, बायको गेलेली, मूलबाळ नाही, आठवडाभर कोणाशी चार शब्द बोलायचा नाही. शनिवारी मात्र स्वच्छ गळपट्टा बांधून यायचा. तेवढ्या एका गाण्यापुरता तो माणसांत होता.

मार्चमंटसाहेबांनी त्याला हेरलं. कोपऱ्यात बसवलं, बिअर पाजली, गाणं पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं आणि कागदावर भराभर टिंबं काढली.

"आजोबा, हे गाणं किती जुनं असेल?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बापाचं होतं," ओबेड म्हणाला.

"आणि त्यांच्या आधी?"

"त्याच्या आधी बाप नव्हता, साहेब. म्हणजे होता, पण तो गात नव्हता."

साहेबांचे डोळे पाणावले. यात रडण्यासारखं काय होतं ते देव जाणे.

त्या शरदात नॉरिचला मोठ्या सभागृहात त्यांचं नवं संगीत झालं. नाव 'ओल्या कुरणांवरची पहाट'. ओबेडला पाद्र्याच्या गाडीतून नेऊन पहिल्या रांगेत, बायांच्या पिसांच्या टोप्यांमध्ये बसवलं. केरिसन, मी आणि पबमधले आणखी काही जण मागे उभे होतो. बरीच व्हायोलिनं बराच वेळ कण्हत राहिली. मग गाणाऱ्यांचा सबंध ताफा उभा राहिला आणि ओबेडचं गाणं गाऊ लागला. गाणं ओबेडचंच, हे छापील कागदावरून कोणीतरी वाचून दाखवलं म्हणून कळलं. गिरणीवाल्याची पोर मेंढपाळीण झाली होती, पिंपाची सफरचंदाची बाग झाली होती. आणि शेवटचा सूर, जो उडी मारायचा, तो खाली घसरून असा पडत होता की घसा बसलेल्या गाईची आठवण यावी. असं केलं की गाणं पुरातन वाटतं म्हणे.

आम्ही सगळे ओबेडच्या पाठीकडे बघत होतो. आता उठेल, आता म्हणेल, थांबा, हे माझं आहे. तो उठला नाही. टोपी गुडघ्यावर धरून बसून राहिला. शेवटी साहेबांनी मंचावरून त्याच्याकडे हात केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मात्र उठला. आणि वाकून नमस्कार केला.

"दिलं त्याने," केरिसन माझ्या कानाशी पुटपुटला.

"अरे, एवढ्या लोकांत बावरला तो म्हातारा," मी म्हटलं.

"वाकला की नाही? वाकला म्हणजे दिलं."

पुढच्या शनिवारी ओबेड गळपट्टा बांधून आला. केरिसनने एकेकाला पुकारलं. ओबेडच्या जागी आल्यावर त्याने हातोडा तसाच पुढे नेला आणि पलीकडच्याचं नाव घेतलं. ओबेडने बिअरचा मग दोन्ही हातांत धरला होता, तो संपवलाही नाही.

त्यानंतरही तो येत राहिला. बसायचा. त्याची जागा सोडून पुकारणं पुढे जायचं, जसं रिकाम्या खुर्चीवरून जातं.

मी एकदा केरिसनला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. "सायलस, लाज वाटत नाही? जिवंत माणसाला पुरून बसलायस."

"मी काय करू? रीत आहे."

"रीत! गेल्या वर्षी चर्चच्या जळणातली फळी चोरलीस तेव्हा रीत कुठे होती?"

"ती फळी होती, हॅना. हे गाणं आहे."

"मग दुसरं गाणं म्हणायला सांग त्याला."

"या वयात? आणि कोणाचं?" केरिसन म्हणाला, आणि हे मात्र खरं होतं. ओबेडला दुसरं गाणं येतच नव्हतं.

थंडी सरता सरता मार्चमंटसाहेब पुन्हा आले. सोबत लंडनच्या वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे मिस्टर डायसन, हाडकुळे, नाकात बोलणारे. साहेबांना त्यांना उगमस्थान दाखवायचं होतं. उगमस्थान म्हणजे माझा पब. डायसनसाहेबांनी शिंपीकाम तपासावं तसं सगळ्यांकडे पाहिलं आणि ब्रँडी मागितली.

केरिसनने हातोडा आपटला. "मिस्टर मार्चमंट, तुमचं गाणं."

"माझं?" साहेब फुलले. "हा तर मोठाच मान झाला!"

मान कसला. गाणं ज्याचं झालं त्याला पुकारणं आलं. पण साहेब उठले, खिडकीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि बारीक आवाजात सुरू झाले. मेंढपाळीण आली, बाग आली, सूर खाली पडला. पबमधल्या गड्यांनी सवयीने मग उचलले आणि आपटायची जागाच सापडेना म्हणून तसेच हवेत धरले.

संपल्यावर केरिसनने मान खाजवली. नॉरिचला तो मागून, लांबून ऐकत होता, तेव्हा व्हायोलिनांच्या गोंधळात त्याला सगळं नीट कळलं नव्हतं.

"साहेब, हे कुठलं गाणं?"

"हेच ते! मिस्टर लार्टरांचं!"

"लार्टरच्या गाण्यात पिंप आहे."

"शब्दांत थोडी सफाई केली."

"आणि शेपूट वर जाते. तुमची खाली जाते." केरिसनने हातोडा टेबलावर आडवा ठेवला. "नीट सांगा साहेब. तुमचं वेगळं असेल, तर तुमचं तुम्हाला आणि ओबेडचं ओबेडला. तेच असेल, तर त्याने दिलेलं आहे, तुम्ही ठेवा. वेगळं की तेच?"

कोपऱ्यात ओबेडने मान वर केली. त्याचे डोळे साहेबांच्या तोंडावर असे लागले होते की मला तिकडे बघवेना.

साहेबांनी डायसनकडे पाहिलं. डायसनने वर्तमानपत्रात आधीच चार रकाने लिहिले होते की या सुरांत आपल्या सॅक्सन पूर्वजांचा श्वास आहे.

"तेच," साहेब म्हणाले. "जसं मिळालं तसंच. एका सुरालाही मी हात लावलेला नाही."

खोटं बोलावं तर असं. त्या माणसाला कळलंही नाही की एका शब्दात त्याने कोणाचं काय नेलं. आणि कळलं असतं तरी त्याने हेच म्हटलं असतं. आणि आमचे मर्द! सगळ्यांना कान होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. पण साहेबाने शब्द दिला म्हटल्यावर सगळे आपापल्या बिअरमध्ये बघू लागले.

"साहेब म्हणतात तर तेच असेल," केरिसन म्हणाला आणि त्याने हातोडा उचलला.

"हे साहेब लिहितात ना, गाणं कुठून आलं ते?" ओबेड बोलला. कितीतरी शनिवारांनी त्याचा आवाज ऐकू आला होता. तो डायसनकडे बोट दाखवत होता.

"लिहितो," डायसन म्हणाले.

"मग बरोबर लिहा. माझ्या बापाने हे गाणं यारमथ बंदराच्या मासळीबाजारात ऐकलं. एक इटालियन होता, पेटीचं हँडल फिरवून गाणी वाजवायचा. त्याच्याकडचं आहे ते. माकड होतं त्याच्याजवळ. लाल टोपीचं. शेवटचा सूर आला की माकड उडी मारायचं, म्हणून तो वर जातो."

डायसनसाहेबांचा ब्रँडीचा पेला तोंडापाशी थांबला. "मार्चमंट," ते नाकातून म्हणाले, "माकड?"

"अशक्य!"

"सॅक्सन माकड की काय?"

पबमध्ये कोणीतरी फस्सकन हसलं. साहेबांच्या मानेपासून कपाळापर्यंत रंग चढत गेला. "एक मिनिट, डायसन. म्हाताऱ्याची चाल म्हणजे... ती फक्त निमित्त होती. एक इशारा. माझ्या रचनेतली चाल मुळात माझी आहे. तो शेवटचा उतरता सूर तर सर्वस्वी माझाच."

"आत्ता म्हणालात हात लावला नाही," मी बिअरच्या पिंपाजवळून म्हटलं.

"बाई, कलेतल्या गोष्टी अशा..."

"कलेचं राहू द्या," केरिसन म्हणाला. "मला एक शब्द हवाय. वेगळं की तेच?"

"वेगळं! पूर्ण वेगळं! त्या बाजारू पेटीच्या गाण्याशी माझा काडीचा संबंध नाही!"

हातोडा असा आपटला की डायसनची ब्रँडी सांडली. "वेगळं. सगळ्यांनी ऐकलं." केरिसनने आजूबाजूला पाहिलं, एरवी कधी न दिसणारी घाई त्याच्या तोंडावर होती. "ओबेड लार्टर, तुझं गाणं."

साहेबांना गाडी गाठायची होती म्हणे. ते कोट घालत असतानाच ओबेडने सुरुवात केली. गुराखी पिंपात शिरला, पांढरा होऊन निघाला, बाप पळाला, आणि उडीच्या सुरावर सगळे मग एकदम आदळले. डायसनसाहेब दारात रेंगाळले होते. त्यांना मार्चमंटांनी बाहीला धरून बाहेर ओढलं. पुढे डायसनसाहेबांनी वर्तमानपत्रात लिहिलं की ही चाल संगीतकाराच्या स्वतःच्या प्रतिभेतून उमललेली असून तिच्यावर कोणाचीही छाया नाही. लिहोत बापडे.

गाणं संपलं तेव्हा ओबेड घामाघूम झाला होता. जे गडी सबंध हिवाळा त्याच्यावरून नजर फिरवत होते, ते आता त्याच्या पाठीवर थापा मारत होते, जणू त्यांनीच त्याला सोडवून आणलं. मी त्याचा मग भरून नेला.

"ओबेड, तुझा बाप यारमथला कधी गेला होता रे?"

"माझा बाप?" त्याने फेस पुसला. "त्याला समुद्र कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हतं."

"मग तो इटालियन?"

"इथे कुठला इटालियन? आला असता तर या लोकांनी त्याला गावात उभं राहू दिलं असतं का?" ओबेड म्हणाला, आणि लोणच्याचे कांदे आहेत का म्हणून विचारू लागला.