लेवुकाचा चौथा प्रश्न

ज्ञान लहानथोर सर्वांपर्यंत सारखंच पोहोचलं पाहिजे, अशी बोट कंपनीची श्रद्धा होती. राजधानी सुवातल्या मुख्य कार्यालयात ते कंपनीच्या खासगी नेटवर्कवरून पोहोचायचं. बेटांवर सार्वजनिक इंटरनेटवरून, म्हणजे वारा पडलेला असला तर.

हे ऑनलाइन प्रशिक्षण रचलं होतं लोसालिनीने. नेटवर्क दोन, पण प्रश्नपेढी एकच, ही तिची हुशारी. बेटावरच्या लेवुका धक्क्यावरचे एकतीसच्या एकतीस जण शुक्रवारपर्यंत पास झाले, तरच तिचं कंत्राट वाढणार होतं. पास व्हायला सगळी उत्तरं बरोबर लागत.

गुरुवारी निकाल आला. एकतीस जण, एकाच मिनिटाला, एकाच प्रश्नावर नापास.

तिने धक्क्याच्या मुकादमाला, सेमेसाला, फोन लावला. तो तिच्या आईचा चुलतभाऊ, म्हणून मोमो, म्हणजे मामा.

"मोमो, परीक्षा एकेकट्याने द्यायची होती."

"एकेकट्याने कशी गं? रेंज येते फक्त आंब्याखाली. यंगोनाचं पेय कालवलं, वाटी फिरवली, बसलो सगळे. मी उत्तर सांगायचो, पोरं बटण दाबायची."

"आणि तुमचंच चुकलं तर?"

"ते मला कोण सांगणार?"

हे खरं होतं.

"चौथा प्रश्न. प्रवाशांपेक्षा जीवरक्षक जाकिटं कमी असली तर काय कराल? तुम्ही म्हणता, आधी मुलांना द्या. उत्तर आहे, बोट सोडू नका."

"जाकिटं चाळीस, माणसं साठ. रोजचंच आहे. तुझ्या उत्तराने चाललो असतो तर ईस्टरपासून एकही बोट सुटली नसती. तुझी आजी अजून इथेच बसली असती."

"मग 'मुख्य कार्यालयाला कळवा' हा पर्याय होता की."

"चारदा कळवलंय. तो वाचून आम्ही हसलो तेवढं."

मोमोला चूक म्हणायची लोसालिनीची प्राज्ञा नव्हती. म्हणून तिने प्रश्नपेढीतलं उत्तरच बदललं. लेवुका पास झालं.

पण पेढी एकच होती. खासगी नेटवर्कने इमानेइतबारे जुने पेपर पुन्हा तपासले आणि मुख्य कार्यालयातल्या एकशे बारा जणांना, संचालकांसकट, नापास करून टाकलं.

संचालकांनी तिला बोलावलं. "म्हणजे आधी मुलांना द्यायची?"

"हो, सर."

"आणि लेवुकाला हे माहीत होतं?"

"सगळ्यांना, सर."

"अनुभवी माणसं," संचालक गंभीरपणे म्हणाले.

लेवुकाला आदर्श धक्क्याचं प्रशस्तिपत्र गेलं. मुख्य कार्यालयाला नव्याने शिकवण्यासाठी लोसालिनीचं कंत्राट वर्षभर वाढलं.

जाकिटं चाळीसच आहेत.