दुसऱ्या शनिवारची बाजू

मित्रांनो, मी एक जुना पोडियम आहे. सभेत ज्याच्यामागे उभे राहून लोक भाषण करतात, तो लाकडी उभा खोका म्हणजे मी. मला घडवणाऱ्या सुताराच्या हातून माथ्याचा उतार जरा जास्तच झाला. कागद घसरू नयेत म्हणून त्याने खाली एक पट्टी ठोकली आणि म्हणाला, "कागद थांबतील. बोलणारा घसरला तर माझा नाइलाज." तेव्हा मला त्यातले काही कळले नाही.

उमेदीची वर्षे मी नगरपालिकेच्या सभागृहात काढली. शिपाई मला तेल लावून पुसायचा आणि पाहुणे माझे कौतुक करायचे. ऐकणाऱ्यांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, मला तळहात कळतात. पाठ केलेले बोलणारा बोटांनी ताल धरतो. शब्द देणारा माझे कोपरे घट्ट पकडतो, आणि तो पाळायचा नसेल तर टाळ्या संपायच्या आत त्याचे हात खिशात जातात. मी असे पुष्कळ हात पाहिले.

मग चकचकीत, माइक बसवलेला नवा पोडियम आला आणि माझी रवानगी वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? माझ्या पोटात कोळ्यांनी संसार थाटला. सुदैवाने त्या खोलीत एक निवृत्त शिक्षक दर शनिवारी वर्ग घेऊ लागले. सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत. राज्य कसे करावे यावर शेकडो वर्षांपूर्वी लिहिलेली पुस्तके ते मुलांकडून वाचून घेत. त्यांची एक रीत होती. पहिल्या शनिवारी जी बाजू वाट्याला येईल ती मांडायची आणि पुढच्या शनिवारी त्याच माणसाने उलटी बाजू मांडायची. समोरच्या खुर्चीत एकाने 'प्रजा' होऊन बसायचे आणि बोलणाऱ्याने फक्त त्याच्याकडे बघायचे.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत. 'राज्यकर्त्याने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असे नाही' ही बाजू तिच्या वाट्याला आली. "नशीब फिरतं," ती म्हणाली, "शब्द ज्या कारणासाठी दिला ते कारणच उरत नाही. मग शब्दाला कवटाळून बसणारा राजा स्वतःही बुडतो आणि प्रजेलाही बुडवतो." वर्ग टाळ्यांनी दणाणला. पुढच्या शनिवारी ती आलीच नाही. तिला परगावी नोकरी लागली होती.

पुष्कळ वर्षांनी ती गावी परतली, निवडणूक जिंकली आणि नगराध्यक्षा झाली. नदीवर पूल बांधायचा होता आणि काठावर नावाड्यांची घरे होती. "घरं हलवा, वरच्या माळावर पक्की जागा देते," असा शब्द तिने त्यांना दिला. नावाड्यांनी घरे मोडली आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. पूल झाला. मग एका मोठ्या पुरात नदीने पात्र बदलले आणि बाजारपेठ वाहून गेली. व्यापारी त्याच माळासाठी हटून बसले.

माळ कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या सभेच्या दिवशी दुपारी ती आमच्या खोलीत सरांकडे आली. खिडकीपाशी एक म्हातारा नावाडी पेपर वाचत होता. पुलामुळे नाव बंद पडल्यापासून तो रोज तिथेच असे.

"सर, ते जुनं पुस्तक द्या ना," ती म्हणाली. "परिस्थिती बदलली की शब्द बांधत नाही, असं त्यात आहे. आज सभेत सांगायचंय. नदी फिरली, त्याला मी काय करू?"

"आहे त्यात, मी नाही म्हणत नाही," सर म्हणाले. "पण तोच लेखक हेही सांगतो, की नशिबाच्या हाती सगळं नसतं. पाणी ओसरलेलं असतं तेव्हाच पुढच्या पुराची तयारी करून ठेवायची. शब्द मोडायची मुभा त्याच्याकडून घ्यायची आणि वर नशिबाची सबब सांगायची, हे दोन्ही कसं जमेल? शिवाय तुझा दुसरा शनिवार राहिलाय. उभी राहा."

"सर, मी आता लहान आहे का?"

"उभी राहा गं." मग ते खिडकीकडे वळले. "आजोबा, जरा प्रजा होऊन बसता का समोर?"

"झालोच आहे की," म्हातारा म्हणाला आणि येऊन बसला.

ती माझ्यामागे आली. तळहात ओले होते. मग तिने म्हाताऱ्याकडे पाहिले आणि सावकाश बोलू लागली.

"यांनी घरं आधी मोडली. मी शब्द नंतर पाळायचा होता. मधला सगळा काळ यांनी माझ्या भरवशावर काढला. नदी फिरली ती सगळ्यांसाठीच, पण आधी घर सोडून बसले ते हेच." ती थांबली. "आणि नशीब फिरतं म्हणूनच तर माणसं शब्द मागतात. उद्याची खात्री असती तर माझा शब्द कुणाला कशाला हवा होता?"

माझे कोपरे तिने इतके घट्ट धरले होते, की पट्टी करकरली.

म्हातारा उठला. "पटलं," तो म्हणाला. "पण बाई, माझ्यापुढं हे बोलणं सोपं आहे. संध्याकाळी व्यापाऱ्यांपुढं बोला."

ती बोलली. सरांनीच परत येऊन खोलीत सांगितले. माळ नावाड्यांना मिळाला. व्यापाऱ्यांसाठी नदीपलीकडची गैरसोयीची जागा निघाली आणि त्यांनी पुढच्या निवडणुकीत तिला घरी बसवले. त्याचे मला फार वाईट वाटते. शब्द पाळला की सगळे गोड होते, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, कधीतरी तुम्हीही माझ्यासारख्या एखाद्या पोडियममागे उभे राहाल. त्याला पुसा, जपा, त्याच्यावर ओले ग्लास ठेवू नका. आणि शब्द द्यायच्या आधी समोर नीट बघा. तुमच्या भरवशावर कुणीतरी घर मोडायला निघालेले असते.