नॅप्ला इथं हसली होती

मी जुन्या काळची, आवाज कोरून ठेवायची मेणाची नळी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, आता माझ्यातून नुसती खरखर येते. पण एके काळी माझ्या अंगावर नॅप्ला म्हातारीचा आवाज कोरलेला होता.

आयर्लंडात क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत जुनी आयरिश बोलणारी ती शेवटचीच. कोलमन ओ'डिरिन हा तरुण अभ्यासक डब्लिनहून आला, सायकलवर आवाज टिपायचं यंत्र बांधून. ते बघून म्हातारी बिचकली.

"मास्तर, हे भांडं माझा आवाज चोरून तर नेणार नाही ना?"

"नाही आजी, उलट जपून ठेवेल. तुमच्यामागं तुमची लेक ऐकेल."

"लेक? ती समोर असून ऐकत नाही, मेल्यावर काय ऐकतेय!" म्हातारी खळखळून हसली. ते हसूही माझ्यावर उमटलं.

कोलमननं सगळं वहीत उतरवून घेतलं. त्याला पाठवणाऱ्या कचेरीचा नियमच होता, उतरवून झालं की नळी तासायची आणि पुन्हा वापरायची. पलीकडच्या गावात एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता, त्याचंही बोलणं टिपायचं होतं आणि कोऱ्या नळ्या संपल्या होत्या. कोलमननं पातं लावलं. बटाट्याचं साल निघावं तशी नॅप्ला माझ्या अंगावरून निघाली. आणि तो म्हातारा? आम्ही पोचेपर्यंत त्याची वाचा गेली होती. त्याच हिवाळ्यात नॅप्लाही गेली.

त्या वहीवर कोलमनचा ग्रंथ झाला, ग्रंथावर प्राध्यापकी मिळाली. तीस वर्षं मान मिळाला. मग त्याचाच विद्यार्थी एन्ना भर सभेत उठला.

"सर, राग मानू नका. पण असं बोलणारं अख्ख्या क्लेअरमध्ये दुसरं कुणीच सापडत नाही. तुमच्या वहीशिवाय पुरावा काय?"

"अरे, मी या कानांनी ऐकलंय!"

"तुम्ही ऐकलंत सर. आम्ही काय ऐकायचं?"

त्यानंतर त्या ग्रंथाचं नाव कुणी घेईना. म्हातारपणी कोलमननं मला कपाटातून काढलं, यंत्रावर चढवलं आणि नॅप्लासारखं बोलून बघितलं. परत लावून ऐकलं, तर ते प्राध्यापकाचं पुस्तकी बोलणं. तिचा सूर त्याच्याही कानातून गेला होता. "आजी, आवाज जपून ठेवेल म्हणालो, ते खोटं बोललो हो," म्हणत तो ढसाढसा रडला. मग त्यानं स्वतःचाही आवाज तासून टाकला.

आता तोही नाही. मी संग्रहालयात काचेमागं पडून आहे. अंग इतकं पातळ झालंय, की आता कुणाचाच आवाज पेलवणार नाही. खाली चिठ्ठी लावलीय, 'कोरी नळी'.

बाबांनो, मला दुसरं काही नको. तेवढी चिठ्ठी बदला. लिहा, नॅप्ला इथं हसली होती.