माटोळीची मधली पट्टी

"मधली रेघ खाली येता, गौरवी. पट्टी लावून बघ."

मी कॅनव्हासवर पोलादी पट्टी ठेवली. "सरळच आसा, काका."

"मगे माका वाकडी कित्याक दिसता?" कृष्णनाथकाकांनी ती रेघ पुन्हा पांढऱ्या रंगाखाली बुजवली. शनिवारी पणजीला त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन होतं, आणि हे शेवटचं चित्र काही पुरं होत नव्हतं.

पेडण्याच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता काकांनी जन्मभर नुसते चौकोन रंगवले. हे काय, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "माटोळी. फळां काढलेली." चवथीला गणपतीच्या वर टांगायची ती लाकडी पट्ट्यांची चौकट काकी रानफळांनी भरायची, आणि त्यातलं सगळ्यांत जड फळ, पपनसासारखं तोरिंग, मुद्दाम मधोमध बांधायची. मधली पट्टी वाकायची. काका चिडायचे, "रेघ मोडलंस गो!"

"मोडूंदी. तुमच्या चित्रांत बांधूक तरी काय आसा?"

यंदा चवथीच्या तोंडावर काकी गेली. सुतकात गणपती आणला नाही. चौकट तेवढी आधीच टांगलेली होती. ती रिकामीच राहिली.

मी काकांना डोळे तपासायला पणजीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काकांपुढे बारीक चौकटींचा कागद धरला. "मधेच खाली ओढता," काका म्हणाले. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजलाय, आता सरळ रेघा वाकड्याच दिसणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.  परतताना मला हायसं वाटत होतं. कारण सापडलं होतं.

घरी आल्यावर माझी नजर सहज वर गेली. रिकामी माटोळी मधोमध खाली आली होती.

मी स्टुलावर चढून या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणला. मधली पट्टी दोऱ्याच्या खाली होती. माझे डोळे चांगले आहेत. दमट हवा, पोफळीचं लाकूड, मी स्वतःला सांगितलं. मग पट्टी बोटाने वर ढकलून पाहिली. ती जड होती. बोट काढल्यावर हळूच झुलली. बोटाला तोरिंगाचा वास येत होता.

"काय गो?" काकांनी विचारलं.

"काय नाय."

त्यांनी पोलादी पट्टी माझ्या हातात दिली आणि नुसत्या हाताने मधली रेघ ओढली, खाली झुकलेली. या वेळी ती बुजवली नाही. ब्रश धुऊन ते माटोळीखाली येऊन उभे राहिले आणि मधल्या पट्टीखाली तळवा धरला.

"सोड गो आता," ते वर बघून, काकीवर चिडायचे त्याच सुरात म्हणाले. "मी धरलंय."

त्यांचा हात किंचित खाली गेला.