भैरोबाला दिलेले केस

दारात उभ्या असलेल्या बापाला विजयमालानं आधी ओळखलंच नाही. ओठांवर मिशी नव्हती आणि टोपी कानांपर्यंत ओढलेली.

“दादा, मिशी कुठे गेली?”

“नवस हुता,” वहाणा काढत कोंडिबा म्हणाला. “तुझ्या धाव्वीसाठी. भैरोबाला केस दिलं.”

“आता चांगला अब्यास कर म्हंजे झालं,” आई आतून घाईघाईनं म्हणाली.

कोंडिबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. शेताचं काम निघालं म्हणून साताऱ्याकडे गावी गेला होता, तो पंधरवडा लावून परतला. कोपरखैरण्याच्या त्याच्या घरात यंदा दहावी होती, आणि दहावीची बडदास्त जावयासारखी चालली होती. तिच्यासाठी केबल काढली, पाहुण्यांना नाही म्हटलं. शेजारच्या पुतळाकाकू नवऱ्याशी भांडायच्या त्यासुद्धा खालच्या आवाजात.

विजयमाला पुस्तक घेऊन भिंतीशी बसली. भैरोबा केस मागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साधा देव, नारळावर राजी होतो, असं आबाच, दादांचे वडील, सांगायचे. चौथीपर्यंत ती गावी त्यांच्याकडेच वाढली होती. शाळेत सोडायला तेच यायचे, आणि ती वर्गात जाऊन बसली तरी फाटकाशी उभे राहायचे. इथे दोन आठवडे देव्हाऱ्यात दिवा लागला नव्हता. वाती संपल्यात, असं आई म्हणाली होती. वाती काय दुकानात मिळत नाहीत?

तिनं विचारायला तोंड उघडलं. बाप तिच्याकडेच बघत होता, चोरी पकडली जाईल की काय अशा नजरेनं. आबा गेले, हे त्या नजरेतच तिला कळलं. आणि हेही कळलं, की आपण आता रडलो तर या माणसाचं इतक्या दिवसांचं गिळणं फुकट जाईल.

“दादा, चहा घ्या,” ती म्हणाली.

रडायला घरात जागा नव्हती. खोली एक, तिच्यामागे जेमतेम स्वयंपाकघर, आणि आईचा नियम असा की अभ्यास मोठ्यानं करायचा. आवाज थांबला की ती लाटणं हातात घेऊनच बाहेर यायची. म्हणून विजयमाला पुस्तक तोंडासमोर धरून वाचत राहिली. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेत क्षार व पाणी तयार होते. डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत ओघळत होतं, पण आवाज तिनं मोडू दिला नाही.

“बग, कशी घोकतीया,” आई आत नवऱ्याला म्हणाली. “सांगितलं असतं तर बसली असती का अशी?”

पुढे कित्येक दिवस हेच चाललं. क्षारांवर रडून झालं, मग इतिहासातल्या तहांवर. परीक्षा जवळ आली तेव्हा आबांची आठवण यायची, पण डोळे कोरडे राहायचे. एवढं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं, आणि तेही दोन हातांवर आई-बाप बसलेले असताना.

शेवटचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा कोंडिबा मार्केटला गेलेलाच नव्हता. पुतळाकाकूही येऊन बसल्या होत्या, पोरीला सावरायला.

“बस हितं,” आई म्हणाली. “पेपर बरा गेला न्हवं?”

“गेला.”

“माला, आगं... आबा गेलं आपलं. तवाच, मी गावी गेल्तो तवा,” कोंडिबा म्हणाला, आणि एवढे दिवस दाबून धरलेलं त्याचं रडू फुटलं. टॉवेल तोंडात धरून तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. लेकीबरोबर रडावं म्हणून तोही थांबला होता.

विजयमाला त्याच्याजवळ सरकली. मला माहीत होतं, हे ओठांवर आलं होतं. ते ऐकून तो मोडूनच पडला असता. तिनं त्याचा खडबडीत हात आपल्या हातात घेतला. डोळे कोरडेच होते.

पुतळाकाकूंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर सारखा करून उठल्या. “पोरी शिकल्या की काळीज घट्ट होतं बाई त्यांचं,” त्या दारातून म्हणाल्या.

आईला ते लागलं. तिनं लेकीचा खांदा धरून हलवला.

“रड की गं आता. संपलं की पेपर.”