एकोणिसावी पायरी

तिनं चौथ्यांदा सगळं पुसून टाकलं आणि सूचनांचं पान पुन्हा पहिल्या पायरीवर आणलं. एकूण एकतीस पायऱ्या. क्लाउडवरचे सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायचं मॉड्यूल तिच्या लॅपटॉपवर चालू झालं, तरच नोकरी पक्की. आणि चाचणीचा आठवडा आज संपत होता. सात वर्षं घरी बसलेल्या बाईला इतकी तरी संधी दिली हेच खूप, असं ती स्वतःला बजावत होती.

दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, झालं का गं चालू?"

"होतंय."

होत काही नव्हतं. एकोणिसाव्या पायरीला दर वेळी तोच लाल मजकूर: कनेक्शन नाकारलं. शेजारी बसणाऱ्याला सगळे दाढी म्हणत. त्याला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "पहिल्यापासून करून बघा." आपलंच डोकं गंजलंय, अशी आता तिची खात्री पटली होती. रडू तेवढं यायचं बाकी होतं.

चार वाजता टीम लीड आला.

"सरका, मी दाखवतो. दहा मिनिटांचं तर काम."

दहाची चाळीस झाली. एकोणिसाव्या पायरीला लाल मजकूर आला. त्यानं चष्मा पुसून पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा तेच. शेवटी त्यानं हात टेकले.

"दाढी, तू कसं केलं होतंस रे?"

"मी कुठे केलं? तुमच्याच मशीनची डिस्क कॉपी करून दिली होतीत की."

"आणि मला आधीच्या लीडनं त्याची."

"मग यांनाही तीच द्या."

"नव्या लॅपटॉपवर ती चालत नाही. म्हणून तर हे पान शोधून काढलं."

ते पान लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि त्या पायऱ्या त्याच्यानंतर कुणी चढलंच नव्हतं. लीडनं लॅपटॉप हळूच तिच्यापुढे सरकवला.

"पुढच्या महिन्यात आमचीही मशीन बदलतायत," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "मॅडम, तुम्ही चार वेळा इथवर पोचलात. आजच्याआधी आमच्यातलं कुणी एकदाही नाही. सांगा, आता काय करायचं?"

दाढीनंही खुर्ची जवळ ओढली. तिला काहीच सुचत नव्हतं, आणि दोघंही तिच्याकडेच बघत होते.